ओळख लपवण्याचा तास

आमच्याकडे माणसाला आधी नाव विचारत नाहीत. कोणत्या गावची, कोणाची, मामाकडचे कुठले, एवढं विचारलं की माणूस सापडतो. माझी आई एसटीत शेजारी बसलेल्या बाईचं सारं सोयरंधायरं अकोट येईपर्यंत शोधून काढते आणि उतरताना तिला जेवायला बोलावते. मी हिवरखेडची, आणि आईचीच लेक. अमरावतीला मास कॉमला प्रवेश घेतला तेव्हा पहिल्या पंधरा दिवसांतच वर्गातल्या झाडून सगळ्यांची गावं आणि मामाकुळं मला पाठ झाली होती. एकीचं तेवढं जमत नव्हतं.

ती माझ्याच बाकावर बसायची. अक्षर मोत्यासारखं, बोलणं मोजकं.

"कोठची तू?"

"अकोल्याची."

"अकोल्यात कोठची?"

"स्टेशनकडची."

"अन् मूळ गाव?"

"अकोलाच."

मूळ अकोल्याचा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही, सगळे कुठून ना कुठून आलेले. आणि हिच्या बोलण्याची ढब तर सरळसरळ आमच्या भागातली. मी म्हटलं, "काय माय, सीआयडीत हाय का तू?" ती हसली आणि वहीत तारीख टाकायला लागली. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. मी रोज माझ्या डब्यातला ठेचा हिला द्यायचा आणि हिनं मला गाव सांगायचं नाही!

एकदा मात्र कँटीनमध्ये ती आपणहून बोलली. "इथं मले कोनी वळखत नाई. त्याच्यानंच बरं वाटते," म्हणाली. "घरचे तं पाठवतच नव्हते. तीन वर्षं निघाली, नोकरी लागली, की मंग मले कोनाच्याच तोंडाकडं पाहाची गरज नाई."

"काहून? असं काय केलं तू?" मी विचारलं.

"काई नाई," ती म्हणाली आणि चहाचा कप ठेवायला उठली. यावर शहाण्या माणसानं गप्प बसायला हवं होतं.

माध्यम कायदे आणि आचारसंहिता हा पेपर आम्हाला एक तरुण सर शिकवायचे. पुण्याचे होते. आमच्या बोलण्याला ते 'रांगडं गोड' म्हणायचे. शिकवायचे मात्र जीव तोडून. त्या दिवशी विषय होता अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख. नाव छापलं तर तुरुंग होऊ शकतो, हे त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि खिशातून एक जुनं कात्रण काढलं.

कात्रणात नाव नव्हतं. तेल्हारा तालुक्यातली युवती, बारावीला तालुक्यात पहिली आलेली, वडिलांची पिठाची चक्की, आरोपी शेजारीच राहणारा. "बातमीदारानं नाव गाळलं आणि कायदा पाळला असं समजून झोपी गेला," सर म्हणाले. "आता सांगा, ओळख लपली का?"

उत्तर सोपं होतं. नाही लपली. कोणकोणत्या तपशिलांवरून ती उघडी पडते ते वहीत लिहायचं, एवढंच सरांना हवं होतं. वर्ग माना खाली घालून लिहायला लागला. मी हात वर केला.

"सर, दोन मिनिटांत शोधून देते. फोन लावू का?"

पोरं हसली. सरांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही मजा वाटली होती. "लावा," म्हणाले. "बघू तरी."

सरांनीच लावायला सांगितला, हे मी नंतर कितीतरी जणांना ऐकवलं. पण ते नाही म्हणाले असते तरी मी बाहेर जाऊन लावलाच असता. माझ्याच तालुक्यातली पोरगी आणि मला सापडत नाही, म्हणजे काय!

माझ्या मामाचं तेल्हाऱ्याला कृषी केंद्र आहे. बी-बियाणं घ्यायला अख्खा तालुका त्याच्या पायरीवर येतो. मी फोन स्पीकरवर टाकला आणि बाकावर ठेवला.

"मामा, एक पोरगी होती न, बारावीत तालुक्यात पहिली आलेली? बापाची चक्की हाय. तिची थे केस झाली होती..."

मामानं कशाला विचारते हेसुद्धा विचारलं नाही. "हो न! चक्कीवाल्याची पोट्टी. नाव नाई याद येत मले तिचं. लय हुशार होती बिचारी. केस चालूच हाय अजून. थ्या पोट्ट्याचे घरचे मांगच लागले म्हनते, केस वापस घ्या म्हून. त्याच्यानं बापानं तिले गुपचूप अमरावतीले टाकलं, पत्रकारितेले. तुह्याच कालेजात असंन, पाह्य बरं!"

मामा फोनवर हॅलो हॅलो करत होता.

नाव मामानं घेतलं नाही, मीही घेतलं नाही. मी फक्त मान वळवून बाजूला पाहिलं. मी पाहिलं म्हणून मागच्या बाकानं पाहिलं, मग सगळ्यांनीच पाहिलं. अशा पाहण्याला कायद्यात कलम नाही, मी नंतर शोधलं.

आता जे सांगते ते सांगायला मला लाज वाटते. त्या क्षणी मला पहिल्यांदा आनंद झाला होता. सापडली! दोन महिने जी मला गाव सांगत नव्हती ती सापडली. मग तिचा हात दिसला. पेनाचं टोपण पेनावर बसवत होती आणि ते बसत नव्हतं. तेव्हा कुठं मी फोन बंद केला.

सर "ठीक आहे, ठीक आहे, पुढे जाऊ" म्हणाले आणि त्यांनी उरलेली वीस मिनिटं नियम लिहून दिले. पीडितेचा सन्मान, संमती, खासगीपणा. तिनं शेवटच्या ओळीपर्यंत सगळं लिहून घेतलं, त्याच मोत्यासारख्या अक्षरात.

आणि इथंही मी थांबले नाही. संध्याकाळी मामाचा फोन आला. "काय वं, सापडली का पोट्टी?" माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "हो मामा, माह्याच बाकावर बसते!" त्याच्या दुकानात तेव्हा गिऱ्हाईक होतं का, मी विचारलं नाही. त्या दुकानात गिऱ्हाईक नाही अशी वेळच नसते.

वर्गात तिला कोणी वावगं बोललं नाही. सगळे इतके चांगले वागले की बघवत नव्हतं. ती आली की बोलणं थांबायचं. पोरी सरकून जागा द्यायच्या, दोन माणसांना पुरेल एवढी. शेवटच्या वर्षाचा एक जण तिच्याकडे त्याच्या प्रकल्पासाठी मुलाखत मागायला गेला. "नाव नाही टाकणार," म्हणाला. तिनं त्याला शांतपणे नाही सांगितलं, आणि तो आमच्यात येऊन म्हणाला की ती फार भाव खाते. अंतर्गत परीक्षेत सरांनी मला वीसपैकी वीस दिले. खाली लाल शाईनं लिहिलं होतं, 'उत्तम प्रात्यक्षिक'. मी तो कागद आईला फोटो काढून पाठवला.

तिसऱ्या आठवड्यात गेटवर एक मोटारसायकल उभी राहायला लागली. त्यावरचे दोघं काही करायचे नाहीत, काही बोलायचे नाहीत. ती बाहेर आली की गाडीवरून उतरायचे आणि ती ऑटोत बसली की परत चढायचे. पहिल्या दिवशी तिनं त्यांना पाहिलं आणि मग मला पाहिलं. पोलिसांत जा म्हणून मीच तिला सुचवलं. ती म्हणाली, "काय सांगू? उभे राहतात म्हून सांगू?"

चौथ्या दिवशी तिचा बाप आला. मी ऑफिसच्या व्हरांड्यात होते. धुतलेला पांढरा सदरा, हातात दाखल्याचा अर्ज. त्यानं मलाच विचारलं, "बाई, तू हिच्या वर्गातली का? इथं कोनी हिले काई बोललं का वं? सांगत नाई पोरगी."

ती त्याच्या मागंच उभी होती. माझ्याकडे बघत होती. सांग, असं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं, सांगू नको असंही नव्हतं.

"नाही काका," मी म्हटलं. "कोणीच नाही बोललं."

"मंग काहून जाते हे घरी?" तो म्हणाला आणि अर्जावर सही करायला खाली बसला.

तिनं पुन्हा कॉलेज केलं नाही. मी पास झाले, आता अकोल्यात एका दैनिकात आहे. नवी पोरं नोकरीला आली की कोणता तपशील गाळायचा हे त्यांना मी शिकवते आणि चांगलं शिकवते. मागच्या महिन्यात तिचा नंबर मिळवला. मला नंबर मिळवायला किती वेळ लागतो! तिनं फोन उचलला, मी कोण ते सांगितलं. तिनं फोन ठेवला नाही. मी माफी मागितली. ती "बरं" म्हणाली. मग मी ज्या कामासाठी फोन केला होता ते काढलं. म्हटलं, तेव्हाचं सगळं मले लिहाचं हाय.

"नको लिहू," ती म्हणाली.

"नाव नाई टाकत न. गाव बदलते, बापाचा धंदा बदलते. कोनीच वळखनार नाई."

"मी वळखीन न," ती म्हणाली.

मी म्हटलं, बरं, नाही लिहीत. दोन दिवस थांबले. मग गाव बदललं, बापाचा धंदा बदलला आणि लिहायला बसले.