सॅन्टनच्या अंगातली तीन शेतं

सॅन्टन माझा शेजारी. त्याची केळीची वाडी आणि माझी वाडी यांच्यामध्ये एक विहीर आहे, आजोबांच्या काळापासून सामाईक. सोमवार, बुधवार, शुक्रवार रहाटाला आमचा बैल; मंगळवार, गुरुवार, शनिवार त्यांचा. रविवारी त्यांची चर्चमध्ये मिस्सा, म्हणून विहिरीलाही सुट्टी. लोक म्हणाले, जगन्नाथ, तुला लिहिता येतं, तर सॅन्टनवर चार ओळी लिही. लिहितो. पण गेली बारा वर्षं मी या माणसावर जळतो आहे, आणि ते बाजूला ठेवून मला त्याच्याबद्दल एक वाक्यही लिहिता येणार नाही.

दिसायला म्हणाल तर काहीच नाही. ठेंगणा, सावळा, समोरचा एक दात अर्धा तुटलेला. मालाच्या बोटीवर स्वयंपाकी होता. एकेचाळीस साली बोट शांघायच्या बंदरात अडकली, जपान्यांनी ती ताब्यात घेतली, आणि पुढं पाच वर्षं त्याची काही खबर नाही. इकडे त्याच्या बायकोनं, मटिल्डानं, काळे कपडे घातले, त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगितली. शेहेचाळीसच्या मे महिन्यात हा गडी विरार स्टेशनवर उतरून पायी घरी आला आणि दारातून ओरडला, "जेवायला काय आहे?" मटिल्डा बेशुद्ध पडली. महिनाभर गावात दुसरा विषय नव्हता. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. मीही एकदा सहा महिने मुंबईला राहून आलो होतो, पण मला बघून कोणी बेशुद्ध पडलं नव्हतं.

मुंबईला गेलो होतो तो योग शिकायला, छत्तीस साली. परत येऊन देवळाच्या सभामंडपात सकाळचा वर्ग सुरू केला. भिंतीला चक्रांचा रंगीत तक्ता. सगळ्यात खाली मूलाधार, चार पाकळ्यांचं कमळ. वर चढत चढत भुवयांच्या मध्ये आज्ञाचक्र, दोन पाकळ्यांचं. त्याच्याही वर सहस्रार, पण तिथं तुमच्यापैकी कोणी पोचणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकायचो. रविवारी तर गोखिवऱ्याहून, चांदीपहून माणसं सायकल मारत यायची. बावीस जण होते. मला मास्तर म्हणायचे.

तेविसावी माझी बायको, आनंदी. तिला लहानपणापासून दमा. सदतीस साली आमचं लग्न झालं, त्या वर्षापासून मी तिला रोज समोर बसवून प्राणायाम शिकवत आलो. चार मोजेपर्यंत श्वास आत, सोळा मोजेपर्यंत धरायचा, म्हणजे कुंभक, आठ मोजेपर्यंत बाहेर. ती सहाच्या पुढं कधी गेलीच नाही. खांदे कानापर्यंत चढायचे, डोळ्यांत पाणी यायचं, आणि मी म्हणायचो, "तुझं लक्ष नाही." ती म्हणायची, "उद्या बघते." बाकीचे बावीस सुटले तरी मला चाललं असतं. मास्तरांनी बायकोचा दमा घालवला, एवढं एक वाक्य मला गावाच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यावर माझं सगळं अडलं होतं.

आणि सॅन्टन काय करायचा? उभा राहायचा. बस, एवढंच. सकाळची मिस्सा आटोपून आला की विहिरीच्या कडेला, केळीत, गुडघे जरा वाकवून, हात पोटापुढं गोल धरून, घागर उचलल्यासारखा अर्धा तास उभा. शांघायात छाती बिघडून मरायला टेकला होता तेव्हा एका म्हाताऱ्या शिंप्यानं त्याला दुकानामागं ठेवून घेतलं आणि हे शिकवलं, असं तो सांगायचा. गाव हसलं. सॅन्टन हवेला मिठी मारतो, म्हणाले. फादरनी बोलावून विचारलं, हे काही पाखंड तर नाही ना? सॅन्टन म्हणाला, "फादर, मी नुसता उभा आहे." फादरना त्यात पाप सापडेना.

मग हसणारेच एकेक करून त्याच्या शेजारी उभे राहू लागले. पहिला त्याचा चुलतभाऊ क्लेमेंट, कंबरेनं हैराण झालेला. मग माझ्या वर्गातले दोघं. मग आणखी चौघं. त्याच्याकडं तक्ता नाही, श्लोक नाही, नियम नाहीत. माझे बावीसचे नऊ झाले तेव्हा मी त्याला विहिरीवर गाठलं.

"हे नक्की काय शिकवतोस तू?"

"ते लोक ची-कुंग म्हणतात. ची म्हणजे तुझा तो प्राण. कुंग म्हणजे मेहनत." माझ्याशी बोलताना तो घरची बोली बाजूला ठेवून शाळेतली मराठी काढायचा. त्याचाही मला राग यायचा.

"आणि चक्रं?"

"चक्रं नाहीत. तान-तिएन. तिएन म्हणजे शेत. अंगात तीन शेतं आहेत. एक बेंबीच्या खाली तीन बोटं, एक छातीत, एक इथं." त्यानं भुवयांच्या मध्ये बोट ठेवलं.

मला हसू आवरेना. आमच्या अंगात कमळं, तीही पाकळ्या मोजलेली, आणि याच्या अंगात शेतं! मी म्हटलं, "अरे, ही आमचीच. बेंबीपाशी आमचं मणिपूर आणि त्याखाली स्वाधिष्ठान, छातीत अनाहत, कपाळात आज्ञा. बाकीची तू वाटेत हरवून आलास."

"असेल," सॅन्टन म्हणाला. "आमचा शिंपी कधी मोजत नव्हता."

वाद घालत नाही, हा त्याचा सगळ्यात वाईट गुण. समोरचा माणूस तोंडातले शब्द तोंडात घेऊन घरी जातो.

मी घरी गेलो आणि ठरवलं, हे आपणच शिकून घ्यायचं आणि आपल्या नावावर शिकवायचं. लाज वाटते सांगायला, पण आठ दिवस मी केळीच्या आड उभा राहून त्याला बघत होतो. मग माडीवर दार लावून स्वतः उभा राहिलो. मन कपाळात ठेवलं. सगळ्यात वरचं स्थान माझ्यासारख्यानं आधी धरायचं, नाहीतर इतकी वर्षं काय केलं? चौथ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. सातव्या दिवशी कानात घुंई सुरू झाली आणि मी आनंदीवर, बैलावर, भिंतीवर, दिसेल त्याच्यावर ओरडत सुटलो.

बुधवारी रहाटावर सॅन्टन आपणहून आला. "कपाळ दुखतं का रे?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. केळीच्या पानांआडून तुला माझं तोंडच दिसलं असणार. हात कुठं होते ते पानांनी झाकलं." तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "रहाटाचं पाणी आधी कुठं पडतं?"

"कुंडीत."

"कुंडी भरायच्या आधी पाट सोडलास तर?"

"पाणी अर्ध्या वाटेत जिरतं. हे मला तू शिकवणार?"

"मग खालचं शेत ही कुंडी समज. तिथं मन ठेवून निवांत श्वास घ्यायचा. भरलं की वर आपोआप चढतं, ओढायचं नाही. तू कुंडी कोरडी ठेवून टोकाला पाणी मागत बसलास." एवढं सांगून तो गेला. मी दुसऱ्या दिवसापासून कपाळ सोडलं आणि दोन दिवसांत डोक्याचा ठणका उतरला. त्यानं मला बरं केलं, याचा मला डोकेदुखीपेक्षा जास्त त्रास झाला.

बावन्न सालच्या श्रावणात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आनंदी विहिरीवरून हंडा आणताना वाटेत टेकेनाशी झाली होती. झोपताना तीन उशा लागायच्या, त्या जागी एक पुरत होती. मला आकाश ठेंगणं झालं. वर्गात मी सांगूनही टाकलं, बघा, पंधरा वर्षांच्या कुंभकाचं हे फळ. उरलेल्या सहा शिष्यांनी माना डोलावल्या.

त्यानंतरच्या मंगळवारी मी तिला हातात काही न घेता विहिरीकडं जाताना बघितलं. मंगळवारी आपल्या घरच्या माणसाचं विहिरीवर काय काम? मी मागोमाग गेलो. दोन वाड्यांच्या कुंपणात जायला-यायला एक फट आहे, तिथून बघितलं. सॅन्टन लांब रहाटावर बैल हाकत होता, त्याचं इकडं लक्षही नव्हतं. केळीत मटिल्डा उभी होती आणि तिच्या शेजारी माझी बायको, दोन्ही तळवे बेंबीखाली ठेवून, डोळे अर्धे मिटून.

"आनंदीबाय, छातीला मोकळं सोड," मटिल्डा म्हणत होती. "धरायचं काही नाही. येतो तसा येऊ दे, जातो तसा जाऊ दे. तू फक्त खाली राहा."

आणि आनंदीचे खांदे खाली आले. पंधरा वर्षं मी ते कानाशी बघितले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती परपुरुषाबरोबर सापडली असती तर माझ्या रागाला काहीतरी नाव तरी देता आलं असतं. इथं ती नुसता श्वास घेत होती, आणि मला तो हिसकावून घ्यावासा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी मी बाभळीच्या फांद्या आणून ती फट बुजवली. तिला सांगितलं, "तिकडं जायचं नाही. आपला मार्ग वेगळा आहे." ती आत गेली. त्या दिवसापासून मी तिला सकाळ-संध्याकाळ समोर बसवून मोजायला लागलो. चार, सोळा, आठ. खांदे पुन्हा वर चढले. पंधरा दिवसांत तीन उशा परत आल्या. मला ते दिसत होतं.

दिवाळीनंतर खळ्यावर भाताची झोडणी सुरू झाली. धुरळा उडत होता. दुपारी तीनच्या सुमारास आनंदी ओटीवरचा खांब धरून बसली, ती तिला उठताच येईना. छातीतून शिट्टी वाजत होती, ओठ निळे पडायला लागले. डॉक्टरांनी देऊन ठेवलेली गोळी मी तिला दिली. आणि मग मी, गाढव, तिच्या समोर मांडी घालून बसलो. "आनंदी, धर. एक, दोन, तीन..."

तिनं मला हात जोडले. बोलता येत नव्हतं म्हणून हात जोडले.

मी उठून पळत सुटलो. कुंपणाच्या फटीत मीच घातलेले काटे होते. ते हातानं ओढून काढले आणि सॅन्टनला हाका मारल्या. तो जेवणाच्या पानावरून तसाच उठून आला. मला वाटलं होतं, तो जवळ जाईल, पाठीवर काही दाबेल, काहीतरी चिनी पुटपुटेल. तो अंगणातूनच तिच्याकडं बघत मला म्हणाला, "तिच्या समोरून बाजूला हो." मग अंगणाच्या टोकाला गेला आणि आमच्याकडं पाठ करून उभा राहिला, रोज उभा राहतो तसा.

आनंदीनं त्याच्या पाठीकडं बघितलं. तिचा एक हात खांबावरून सुटला आणि बेंबीखाली गेला. बराच वेळ काही झालं नाही. मग खांदे एक बोटभर उतरले, मग आणखी. गोळीनं झालं की कशानं, ते मी सांगू शकत नाही. अर्ध्या तासात शिट्टी बसली आणि ओठांवर रंग आला. पंधरा वर्षं ती माझ्या तोंडाकडं बघत होती आणि तिचा श्वास अडकत होता. त्याच्या पाठीकडं बघून तो सुटला. ती वाचते आहे म्हणून मला रडू येत होतं आणि त्याच वेळी मी आतून जळत होतो. दोन्ही खरं होतं.

सॅन्टन जेवण निवलं असेल म्हणून निघून गेला. पुढं त्यानं या गोष्टीचा कधी उच्चार केला नाही, गावात नाही, माझ्याजवळ तर नाहीच. आजही तो केळीत उभा राहतो, त्याच्या शेजारी वीस-पंचवीस माणसं असतात, आणि कोणी मास्तर म्हटलं तर तो माझ्या घराकडं बोट दाखवतो. त्याची थोरवी सांगायची तर यापेक्षा जास्त माझ्याच्यानं सांगवत नाही.

त्या दिवशी दिवेलागणीला आनंदी भिंतीला टेकून बसली होती. काट्यांनी माझे तळहात सोलवटले होते, ती त्यांना हळद लावत होती. हळूच म्हणाली, "मला बरं वाटत होतं. ते तुम्हांला दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मग काटे का घातलेत?"

सांगायला माझ्याकडं शास्त्र होतं, मार्ग होता, लोक काय म्हणतील ते होतं. पण माझे हात तिच्या हातात होते. मी म्हटलं, "तू माझ्या हातून बरी व्हायला हवी होतीस."

तिनं हळदीची वाटी खाली ठेवली. "आणि तुमच्या हातून मी बरी झालेच नसते तर?"

उत्तर मला ठाऊक होतं. तिनं दिवा उचलून माझ्या तोंडाजवळ आणला, नीट बघितलं, आणि तिलाही ते कळलं.