लेखिकेचे आभार

कोथरूडच्या एका क्लासमध्ये शर्मिला ओव्हाळ कित्येक वर्षं इंग्रजी शिकवत होत्या, पण शब्दाचा अर्थ त्यांनी कुठल्याही मुलाला आयता लिहून दिला नाही. 'वेल' म्हणजे विहीर, 'वेल' म्हणजे बरं, असं फळ्यावर लिहून मोकळं होणं त्यांना जमायचंच नाही. पोरांनी घरी जायचं, घरातल्या एखाद्या माणसावर त्या शब्दाचं वाक्य करून आणायचं, मग अर्थाचं बोलायचं. वर्गातल्या अफशीनची आजी नूरबानू आजारातून उठली, की तिच्या वाक्यात 'वेल' यायचा. कुणाचा काका पैसेवाला निघाला, की 'वेल-ऑफ' यायचा. मधली आडवी रेघ कधी द्यायची आणि कधी गाळायची, तेही पोरं त्या काकावरूनच शिकत.

या एका शब्दावर शर्मिलाबाईंनी वर्षानुवर्षं खपून, पोरांची ती वाक्यंही घेऊन, पुस्तक लिहिलं. वारज्याच्या दोन खोल्यांत, घरचं सगळं उरकून लिहिलं. पहिलंच वाक्य 'वेल-नोन'चं, तेही आईवर केलं: बिबवेवाडीत भाजी विकणाऱ्या सुंदराबाईंना सगळा रस्ता ओळखतो. आई इंग्रजी पुस्तकाच्या पहिल्या पानावर, याचा त्यांना कोण आनंद झाला होता.

क्लासचे मालक दत्तप्रसाद सर यांनी पुस्तक छापलं. हातात आलं तेव्हा मुखपृष्ठावर लेखक म्हणून सरांचं नाव. या धंद्यात ही रीतच आहे म्हणे. शिकवायचं एकानं आणि नोट्स निघायच्या मालकाच्या नावानं. रीत कसली, दिवसाढवळ्या केलेली चोरी ती! आत उघडून पाहावं, तर सुंदराबाई नाहीत आणि नूरबानूही नाही. पानोपानी जॉन आणि मेरी.

शर्मिलाबाईंनी जाब विचारला.

"ती नावं जरा गावंढळ वाटत होती, मॅडम," सर म्हणाले. "पालकांना स्टँडर्ड लागतं."

आणि माझं नाव, असं त्यांनी विचारल्यावर सर हसून म्हणाले, तुम्ही काय, घरच्याच. आपलं नाव पळवलं याचा संताप होताच, वर आईचं नाव गावंढळ ठरलं. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

प्रकाशनाच्या समारंभात त्यांच्याकडे आभारप्रदर्शन दिलं होतं. पुण्यात कार्यक्रम कसलाही असो, शेवटी कुणीतरी उठून आभार मानतं आणि लोक चहाचा अंदाज घेत ते ऐकतात. एवढं काम दिलं की बाईंचा मान राखला, असा सरांचा हिशोब. म्हणजे जिनं पुस्तक लिहिलं, तिनंच माईकपुढे उभं राहून 'लेखक' दत्तप्रसादांचे आभार मानायचे. माणसानं निर्लज्ज असावं तरी किती?

शर्मिलाबाई उठल्या. पाहुण्यांचे, सभागृहवाल्यांचे, माईकवाल्याचे आभार त्यांनी नीट मानले. मग सरांकडे वळल्या.

"सर तर घरचेच आहेत. आभार मानून मी त्यांना परकं करणार नाही." लोक सवयीनं हसले. "परकी केली गेली ती या पुस्तकाची लेखिका, शर्मिला भीमराव ओव्हाळ. तिचे मी मनापासून आभार मानते. आणि ज्यांचं नाव गावंढळ म्हणून काढून टाकलं, त्या तिच्या आईचेही. सुंदराबाई त्यांचं नाव."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. आपली नोकरी गेली हे बाईंना तिथेच कळलं, पण शब्द मागे घ्यावा असं काही त्यांना वाटलं नाही.

त्या खाली उतरल्या, तर पहिल्या रांगेतून आफताब पुढे आला. त्यांचा जुना विद्यार्थी, आता स्वतः शिक्षक. त्यानं नुकतंच विकत घेतलेलं पुस्तक पुढे केलं आणि सही मागितली.

शर्मिलाबाईंनी पेन घेतलं. दत्तप्रसादांचं छापील नाव एका सरळ रेघेनं खोडलं, त्यावर आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "पुढचं कोण?"