डॉक्टरांच्या गाडीची थरथर

अंधेरीत एक माणूस होता, तो गाडीत बसण्याआधी चपला काढायचा. भक्तीनं नव्हे. अनवाणी तळवे खालच्या फळीवर दाबायचा, डोळे मिटायचा आणि मालकाला म्हणायचा, "गप रव. गाडी बोलता हा."

हा माझा शत्रू. माझं गॅरेज रस्त्याच्या अलीकडे, त्याची दुरुस्तीची पत्र्याची शेड पलीकडे. पहिल्या आठ वर्षांत आम्ही एकमेकांना दिलेल्या शिव्या अंथरल्या असत्या, तर बोरिवलीपर्यंत रस्ता झाला असता. मी दार उघडलं की तो थुंकायचा. त्या थुंकण्यावर मी घड्याळ लावायचो.

आमच्या एका डॉक्टरांची गाडी युद्धाआधीची. मी तिचा क्लच बदलला आणि ती थरथरू लागली. तीस मैलांचा वेग आला की अशी, की डॉक्टरांना औषधाची बाटली वेगळी हलवावी लागत नसे. मी चाकं बदलली, इंजिनाखालची रबरं बदलली, नारळही फोडला. शेवटी डॉक्टर म्हणाले, रविवारपर्यंत थांबतो, मग फोर्टातल्या गॅरेजात देतो. ते गेले की निम्मी अंधेरी त्यांच्यामागं जाणार आणि माझ्या दाराला कायमचं कुलूप.

शनिवारी मी रस्ता ओलांडला. तुम्ही हसाल, पण तो रस्ता त्या दिवशी अरबी समुद्राएवढा रुंद होता.

त्यानं आधी माझं पडलेलं तोंड पोटभर पाहून घेतलं. मग जुहूच्या रस्त्याला मी चालवतोय, तो मागं अनवाणी. तिशीला त्यानं गाडी न्यूट्रलला टाकायला लावली. थरथर कायम, म्हणजे इंजिन निर्दोष. स्टिअरिंग शांत, म्हणजे पुढची चाकंही. माझ्या गॅरेजात परत आल्यावर तो गाडीखाली शिरला. मागच्या चाकांना ताकद पोचवणारा लांब शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. दोन्हींवर बाण कोरलेले, जोडताना ते समोरासमोर आणायचे. ही गोष्ट धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. त्यानं चिंधीनं ग्रीस पुसलं.

"हेचो बाण खय, तेचो खय, बघ मेल्या."

क्लच बदलताना तो शाफ्ट मीच काढला होता, मीच बसवला होता.

बाण जुळवून तो बाहेर येतो तोच डॉक्टर दारात. एक फेरी मारून आले, गाडी लोण्यासारखी. त्यांनी विचारलं, चूक कोणाची होती? आठ वर्षं तो ज्या संधीची वाट पाहत होता, ती चालत आली होती. मी जमिनीकडे पाहू लागलो.

"जुनो सांधो. झिजता, घसारता. कोणाची चूक नाय. आणि तुमी क्लचवरचो पाय काढा, ती काय पायरी नाय."

डॉक्टर गेले. मी आभार मानायला तोंड उघडलं.

"तुझ्यासाठी नाय बोललंय. नायतर तो डॉक्टर उद्या माझ्याकडे इलो असतो. माका तो माणूस आवडना नाय."

सोमवारपासून शिव्या पूर्ववत. पुढं तीन वर्षं, भर रस्त्यात, गिऱ्हाइकांसमोर, माझ्या बापापासून माझ्या मिशीपर्यंत त्यानं काही सोडलं नाही. शाफ्टचं मात्र एक अक्षर नाही. मला वाटे, राखून ठेवलंय हरामखोरानं.

मग शेड विकून तो गावी निघाला. लॉरीत सामान चढत होतं. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, तुला या धंद्यातलं कधी ओ की ठो कळलं नाही. आता तरी शाफ्टचं बोलेल म्हणून थांबलो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, सामानाची दोरी आवळली आणि लॉरीत चढला.