दाढेखालचं धान

आमच्या राईस मिलला पन्नास वर्षं झाली तेव्हा धाकट्या भावाने स्मरणिका काढायचं ठरवलं. मुखपृष्ठावर त्याचा फेट्यातला फोटो आधीच पक्का होता. आत काय छापायचं एवढंच बाकी होतं. मी मराठीची निवृत्त शिक्षिका आणि थोरली बहीण, म्हणून ते माझ्याकडे आलं.

मी सगळ्यांना विचारलं. भाऊ म्हणाला, मिल बुडत होती, मी वाचवली. जुना मुकादम म्हणाला, मी. काकूच्या मते तिच्या नवसाने वाचली. धंदा एकत्र करणाऱ्या घरात मिल एकच असते, पण तिला वाचवायला जो तो अगदी ऐन वेळी पोचलेला असतो. मला हे गमतीचं वाटलं. आपल्याला ते कळलं, याचंही कौतुक वाटलं.

माझीही एक गोष्ट होती. बाबांच्या दाढा पडल्या आणि धान पारखायचं काम माझ्याकडे आलं. दाणा दाढेखाली कट्कन तुटला तर वाळलेला, दबला तर ओला. ओलं धान भरडलं की तांदळाची कणी होते. भावाच्या तोंडात दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्याच्या दाढेला काही कळत नसे. शाळा सुटली की मी मिलच्या वजनकाट्याजवळ खुर्ची टाकून बसायची. तिरोड्याकडून, कामठ्याकडून ट्रॉल्या यायच्या. "बाई, दाढ लावा ना जल्दी, ट्रॅक्टर भाड्याचा हाये!" असे बावीस हंगाम गेले. मिल दोघांची, असं बाबा आम्हा दोघांसमोर म्हणाले होते.

स्मरणिकेत मी यातलं काही लिहिलं नाही. स्वतःबद्दल लिहिणं बरं दिसेना. लिहिलं ते असं : 'बाबांनंतर भावाने मिल एकहाती सांभाळली.' वाक्याला लय होती. समारंभात ते माइकवरून दोनदा वाचलं गेलं आणि दोन्ही वेळा मी टाळ्या वाजवल्या.

यंदा मिलची कंपनी झाली. संचालक चार : भाऊ, त्याची बायको, दोन मुलं. मी मिलमध्ये गेले.

"माझं नाव काऊन नाही?"

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने ड्रॉवरमधून स्मरणिका काढली, पान उघडलं आणि माझ्या वाक्यावर बोट ठेवलं.

"ताई, तूच तं लिहिलं ना. एकहाती."

"तुझं मन राखायला लिहिलं होतं."

"मंग छापाले कायले दिलं?"

दोन्ही भाचे मोबाइलमध्ये बघत होते. भाऊ म्हणाला, "बस ना, चाय पिऊन जा."

मी बसले नाही.

दिवाळीनंतर तो घरी आला. रुमालाच्या गाठीत मूठभर धान होतं. मोठा सौदा होता, ट्रॉल्या फाटकावर उभ्या होत्या.

"जरा पाहून दे ना, ताई."

"मशीन घेतलीस ना ओलावा मोजायची?"

"मशीनवर भरवसा नाही माझा."

"स्मरणिकेवर बरा आहे."

तो हसला. त्याला वाटलं, मिटलं. सवयीने मी एक दाणा दाढेखाली घेतला, चावला, आणि रुमालाची गाठ पुन्हा बांधून त्याच्या हातात दिली.

"काय म्हणते?"

"तू एकहाती बघ."

तो रुमाल खिशात घालून गेला. दाणा ओला होता.