मतदानाच्या दिवशी मी बाजूला बसले

आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली, मुलगे धरूनसुद्धा. शाळा तालुक्याच्या गावातली, वडील पोस्टमन. तरी त्यांनी मला पुढे शिकायला नागपूरला ठेवलं. ते उपकार न फिटणारे आहेत. नागरिकशास्त्राच्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं की इतर देशांत मतासाठी बायका तुरुंगात गेल्या, आणि स्वतंत्र भारतात पहिल्याच निवडणुकीला बायकांनी पुरुषांच्या बरोबरीनं मत दिलं. तेव्हापासून, मताला तेव्हा लागायचं ते एकविसावं वर्ष कधी पुरं होतं याची मी वाट पाहत होते.

ते पुरं झालं लग्नानंतर, काशीत. सासर दुर्गाघाटाजवळच्या गल्लीत. मामंजी तीर्थोपाध्याय. देशावरून येणारे यजमान आमच्याकडेच उतरायचे आणि श्राद्धाचा स्वयंपाक सासूबाई आणि मी सोवळ्यात करायचो.

मतदानाच्या दिवशी नेमकं एका यजमानाच्या वडिलांचं श्राद्ध आलं. हे निवडणुकीच्या ड्यूटीवर आदल्या दिवशीच गेले होते. पानं उठली की सासूबाईंबरोबर मत द्यायला जायचं, असं ठरलेलं. सकाळी सोवळं नेसायला गेले आणि कळलं, मला बाजूला बसावं लागणार. परक्याच्या वडिलांचं अन्न, लपवणं काही मनाला पटेना. दारातूनच सासूबाईंना सांगितलं. मामंजी तिथंच दर्भ निवडत होते.

"वरच्या खोलीत जायला सांगा तिला," ते सासूबाईंना म्हणाले. "आणि आज जिना उतरायचा नाही."

चूल पेटायच्या आतच मी वर गेले. जिना स्वयंपाकघरातूनच खाली यायचा. दुसरी वाट नव्हती. खोलीच्या खिडकीतून समोरची भिंत दिसायची, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ. मतदानाची शाळा पलीकडच्याच गल्लीत होती. तिकडे निघालेल्या बायकांची बोलणी वर ऐकू येत होती, पण दिसत कोणीच नव्हतं.

ब्राह्मण जेवून गेल्यावर सासूबाई जिन्याच्या तळाशी आल्या.

"इतकी शिकलीस आणि एवढं कळेना? डोकं दुखतंय म्हणून स्वयंपाकाला हात लावायचा नाही, मत देऊन यायचं आणि मग सांगायचं! आम्ही काय कधी लग्नामुंजीला गेलोच नाही?"

"मग आता येऊ का?"

"आता कशी येशील? यांनी ऐकलंय ना. आणि तिथला बाबू बोट धरून शाई लावतो. गल्लीत सगळे यांना ओळखतात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुझं चिन्ह कुठलं ते सांग. मी मारते त्यावर शिक्का."

"आई, मत ज्याचं त्याचं असतं. तुमचं तुम्ही द्या."

"माझं कुठलं आलंय? यांनी सकाळीच सांगून ठेवलंय. तू सांग, आत कोण बघतंय?"

चिन्ह ओठांवर आलं होतं. पण त्यांचं मत आपण घ्यायचं, तर मग मामंजींत आणि माझ्यात फरक तो काय राहिला?

"तुम्हाला जो बरा वाटेल त्याला द्या."

"मला त्यातलं कोण ठाऊक आहे?"

तेवढ्यात खालून शेजारीण ओरडली, "पंडिताइन, चलिए! बहू नहीं चलेगी?"

"उसकी तबियत ठीक नहीं."

"हाय राम, आज ही होनी थी!" शेजारीण हसली.

दोघी गेल्या. सासूबाई परत आल्या तेव्हा मतदान संपत आलं होतं. त्यांनी ताट आणून उंबऱ्याशी ठेवलं आणि मागे सरकल्या.

"कोणाला दिलंत?" विचारायचं नसतं हे ठाऊक असून मी विचारलं.

"यांनी सांगितलं त्यालाच. कागद घेऊन उभी राहिले की बराच वेळ. बाबू बाहेरून म्हणाला, माताजी, जल्दी करो. तू काही सांगितलं नव्हतंस, मग मी काय करणार होते?"

मी ताट जवळ ओढलं. त्या पदराला बोट घासत होत्या.

"जात नाही गं मेली. चिंच लावून पाहिली. उद्याच्या सोवळ्याला चालेल ना अशी?"

"चालेल," मी म्हणाले.