विहीणबाईंचं गाऱ्हाणं

माझी विहीण जन्माला आली तेव्हा रडली नसणार, तिने आधी मागण्या मांडल्या असणार. सुईणीला तिने पहिलं हेच विचारलं असेल, की सकाळपासून राबतेस, तुला कुणी चहा दिला का. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. माझ्या मुलीच्या लग्नात तिने असंच केलं. मुलाकडची माणसं मानपानावरून रुसतात हे मला ठाऊक होतं, म्हणून एक जादा साडी मी पिशवीत ठेवली होती. ही बाई रुसली ती आचाऱ्यांवरून. पंगत बसली, भात वाढून झाला, आणि नवऱ्या मुलाची आई मांडवामागे चुलाणापाशी उभी राहून विचारते आहे, "ही माणसं पहाटेपासून धुरात हायत, त्यांच्या पोटात काय गेलंय?" आचारी म्हणाला, "आमी मागनं जेवतो, बाय." ती म्हणाली, "मागनं म्हंजे उरलं तर." तिने त्यांची पानं मांडली, स्वतः वाढलं, आणि दोन्हीकडचे पाहुणे निवणाऱ्या भाताकडे बघत बसून राहिले. माझे मालक तेव्हा हयात होते. ते माझ्या कानाशी म्हणाले, "कुठे दिली पोरगी बघ." मी म्हटलं, "स्थळ तुम्ही आणलंत."

तिला हळू बोलता येत नाही. तिने मला घरातलं गुपित सांगितलं की ते तिठ्यावरच्या रिक्षावाल्यांना कळतं. घरात तिने नवऱ्याविरुद्धही संप केला होता. तो बिचारा दारू पीत नाही, हात उगारत नाही, फक्त जेवून झालं की ताट तिथेच टाकून उठायचा. तिने ते ताट उचलणं बंद केलं आणि पुढचं जेवण त्याच खरकट्या ताटात वाढलं. त्याच्या पुढचंही. मग एका दुपारी तो मुकाट्याने ताट घेऊन नळावर गेला. मला सांगताना म्हणाली, "वाटाघाटी शांततेत झाल्या."

ती सरकारी दवाखान्यात आया होती, कायम नोकरीवर. माझ्या डोळ्याचा मोतीबिंदू तिथेच काढला. मला टेबलावर निजवल्यावर ही दारात उभी राहून डॉक्टरला म्हणते, "साहेब, तुमी सकाळपासून काय खाल्लं नाय. उपाशी माणसाच्या हातात मी विहिणीचा डोळा देणार नाय." त्या पोरसवदा डॉक्टरने आधी तिच्या डब्यातली घावणं खाल्ली. मी तिथे डोळ्यात औषध घालून पडलेली आणि ही दोघं बाहेर चटणी तिखट की मिळमिळीत यावर बोलत होती. मी आतून दोघांना शिव्या दिल्या. ती डॉक्टरला म्हणाली, "बघा, भीत नाय म्हणत होती."

त्या दवाखान्यात माणसं निवृत्त होत गेली आणि त्यांच्या जागा कुणी भरल्या नाहीत. सरकारकडे पैसा नाही, असं सांगायचे. दवाखान्यासमोरच्या रस्त्यावर मंत्री येणार म्हणून रात्रीत डांबर पडायचं, तो पैसा वेगळा असावा. पुढे झाडलोट, धुणं आणि रोग्यांचा स्वयंपाक कंत्राटाने दिला. माझी मुलगी त्या कंत्राटात झाडलोटीला लागली. सासू कायम आणि सून कंत्राटी, एकाच व्हरांड्यात. सासूला ताप आला तर रजा, सुनेला ताप आला तर दुसरी बाई. एवढ्यावर भागलं असतं तरी आम्ही गप्प राहिलो असतो, कारण पोरीच्या घरात तेवढाच आधार होता. जावयाचं काम कधी असायचं, कधी नसायचं. पण वरून कागद आला की खर्च अजून कमी करा, आणि ठेकेदार म्हणाला, झाडणाऱ्या बायका निम्म्याच ठेवणार. पोरीचं नाव जाणाऱ्यांत होतं.

युनियन होती कायम लोकांची. त्यांचा संप पगारासाठी आणि पेन्शनसाठी आधीच ठरला होता. विहीणबाई म्हणाली, कंत्राटी बायकांची मागणी सगळ्यात वर घाला, नाहीतर फाटकावर घोषणा द्यायला दुसरी बघा. दुसरी नव्हती, म्हणून घातली. मुंबईहून घोषणा छापून आल्या होत्या. त्या इतक्या जड मराठीत होत्या की आमच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. संपाच्या दुसऱ्या दिवशी विहिणीने तो कागद भेळवाल्याला दिला, फाटकासमोर नारळ ठेवला आणि चक्क गाऱ्हाणं घातलं. गावात देवापुढे मानकरी घालतो तसं. तो बोलतो आणि प्रत्येक वाक्याला गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. बायका कधी गाऱ्हाणं घालत नाहीत. एक म्हातारा वॉर्डबॉय म्हणालाच, "बाईमाणसाचं काम न्हवं हे." ती म्हणाली, "मग तू घाल, मी गप बसते." त्याला दुसरी ओळ आठवेना.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी ही लेकरं उन्हात बसली हायत."

"व्हय म्हाराजा."

"जिच्या हातात झाडू हाय, तिच्या तोंडचा घास कुणाला काढू देऊ नको."

"व्हय म्हाराजा."

"आणि जो कोण वर बसून कागदावर सही करतो, त्याला न झाडलेल्या वॉर्डात एक रात निजव."

नेमका तेव्हाच कार्यालयातला कारकून नोटीस लावायला बाहेर आला होता. शेजारच्या गावचा माणूस. सगळ्यांबरोबर तोही हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणाला, आणि मग वर साहेबांच्या खिडकीकडे बघून त्याचा चेहरा पडला. विहीण म्हणाली, "भाऊ, तुमची सही झाली." मी तेव्हा बायकांसाठी भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन गेले होते. फाटकावर एवढं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही. संप चालू असताना ती रोज दोघींना आत पाठवून बाळंतिणींचा वॉर्ड झाडून घ्यायची. युनियनवाले रागावले तर म्हणाली, "कळा कुठं संपावर जातात?"

मग मुंबईहून पुढारी आला. पांढरे कपडे, गोड बोलणं, मूळ गाव आमच्याच बाजूचं. आदल्या रात्री त्याची साहेबांशी बैठक झाली होती, त्यात आमची कुणी बाई नव्हती. तो फाटकावर आला, चपला काढल्या, नारळासमोर उभा राहिला आणि म्हणाला, आज गाऱ्हाणं मी घालतो. बायका खूष झाल्या. विहीण तर पुढच्या ओळीत जाऊन उभी राहिली. आवाज त्याचा चांगला होता, हे मी मान्य केलं पाहिजे.

"बा देवा म्हाराजा, कायम माणसाच्या पेन्शनीला हात लागणार नाय." व्हय म्हाराजा. "संपाच्या दिवसांचा पगार कापला जाणार नाय." व्हय म्हाराजा. "कंत्राटी भगिनींचा प्रश्न समितीपुढे जाणार हाय." व्हय म्हाराजा. "आणि उद्या सकाळी सगळी लेकरं कामावर हजर होणार हायत."

व्हय म्हाराजा. सगळ्यांनी म्हटलं. सवय अशी असते की कान ऐकायच्या आधी तोंड बोलून मोकळं होतं. माझ्या पोरीने म्हटलं. विहिणीने सगळ्यात मोठ्याने म्हटलं, मी तिच्या मागेच उभी होते. पुढाऱ्याने नारळ फोडला, प्रसाद वाटला आणि गाडीत बसला. खोबरं तोंडात असतानाच विहीण माझ्याकडे वळली आणि तिने विचारलं, "समिती म्हणाला काय हो तो?"

सकाळी कायम माणसं आत गेली आणि कंत्राटी बायकांना रखवालदाराने बाहेरच उभं केलं. विहीण त्यांच्यात जाऊन बसली. तिने पुढाऱ्याला फोन लावला, तो मोठ्या आवाजावर होता म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकला. तो म्हणाला, "ताई, मी सगळ्यांसमोर विचारलं. तुम्ही स्वतः हो म्हणालात. देवापुढचा शब्द आता कसा फिरवायचा?" तिने फोन बंद केला. दोन दिवस ती फाटकावर बसली. आतून तिच्यासाठी एकही माणूस बाहेर आला नाही. ज्यांच्या ताटाची तिने जन्मभर काळजी केली, ते मागच्या दाराने जायला लागले. तिसऱ्या दिवशी माझ्या मुलीनेच तिला सांगितलं, "आई, तुमी जा आत. दोघींची नोकरी गेली तर खाणार काय?" ती उठली, लुगडं झटकलं आणि आत गेली. समिती कुठे बसली, कोण बसलं, ते आजवर कुणाला माहीत नाही.

पुढच्या वर्षी ती निवृत्त झाली. शाल, श्रीफळ, भाषणं झाली. ती शाल तिने मांजरीला दिली, मांजर तिच्यावर व्याली. माझी मुलगी आता कोळंबी सोलायच्या कंपनीत जाते. दिवसभर बर्फात हात. एकदा मी विहिणीला चार शब्द सुनावायलाच गेले होते. पोरीच्या फुटलेल्या बोटांना ती खोबरेल लावत होती. मी तरी बोलले, मला पोटात ठेवता येत नाही. म्हटलं, तुमच्या तोंडाने माझ्या पोरीची भाकर गेली. तिने पोरीचा दुसरा हात पुढे घेतला आणि त्यालाही तेल लावलं.

आता ती रविवारी माझ्याकडे येते. अंगणात बसतो. आवाज एवढा खाली गेला आहे की मला पुढे वाकून ऐकावं लागतं. गिरणीत ती आधी येऊन उभी असली तरी दळणवाला तिला मागे ढकलतो, आणि ती मागे सरते. मला ते बघवत नाही. त्या दिवशी तिला पेटवायला मी मुद्दाम म्हटलं, "सरकारकडे पैसाच नसेल, तर सरकारचं तरी काय चुकलं हो विहीणबाई?" बशीतला चहा तिने शांतपणे संपवला, बशी विसळून पालथी घातली.

"नसेल चुकलं," ती म्हणाली.