आजीला कळलं की कविता झाली

सुलभाताईंची शिकवणी फोनने सुरू व्हायची. शनिवारी सकाळी अकराला, म्हणजे तिकडे भारतात साडेबाराला, त्या जेवणाच्या टेबलावर पोळ्यांचा डबा ठेवत, त्याला फोन टेकवून उभा करत आणि समोरच्या मुलाला म्हणत, "यल्ला, चल, आजीला लाव."

शारजात अल मजाज भागातल्या आमच्या इमारतीतली पाच मराठी मुलं त्यांच्याकडे मराठी शिकायला जात. सगळी इथेच वाढलेली. आपण मराठीत विचारायचं आणि त्यांनी इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे आमच्या घरोघरी चालतं. सुलभाताईंचं पाठ्यपुस्तक मात्र इंग्रजीच होतं, एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन कवयित्रीच्या छोट्या छोट्या कवितांचं. मुलाने एक कविता निवडायची आणि फोनवर आजीला ती मराठीत सांगायची. मग आजीने काय कळलं ते सांगायचं. पास-नापास आजीच्या हातात. "आजीला कळलं की खलास, पुढची घ्या," असा त्यांचा नियम होता.

ते पुस्तक त्यांना लिफ्टजवळ सापडलं होतं. देश सोडून जाणारी कुटुंबं नको असलेलं सामान तिथे ठेवून जातात. तेव्हा त्या नव्याने आल्या होत्या. यजमान पहाटेच औद्योगिक क्षेत्रातल्या वर्कशॉपला जायचे, बाहेर जुलैचं ऊन, ओळखीचं कुणी नाही. डिक्शनरी घेऊन त्यांनी ते पुस्तक दोन उन्हाळ्यांत संपवलं. त्या कवयित्रीला त्या 'ही बाई' म्हणत, जशी काही ती पाचव्या मजल्यावर राहते. "ही बाईसुद्धा घराबाहेर फारशी पडली नाही. पण खिडकीतून तिला सगळं जग दिसायचं. आपल्याला नुसतं पार्किंग दिसतं, त्याला ती काय करणार?"

माझी ऋचा पंधरा वर्षांची. साताऱ्याला असलेल्या माझ्या आईशी तिचं बोलणं म्हणजे "हाय आजी, बाय आजी". आई एक्क्याऐंशी वर्षांची. या दोघी एकमेकींशी कधी नीट बोलणारच नाहीत की काय, ही काळजी मला होती. म्हणून मी ऋचाला तिथे घातलं आणि माझ्या पद्धतीने तयारीही केली. पाखरावरची एक सोपी कविता निवडली, स्वच्छ मराठी भाषांतर केलं, ते इंग्रजी अक्षरांत टाइप केलं आणि तीन वेळा म्हणून घेतलं. शनिवारी मी शेजारी बसले आणि ऋचाने ते न अडखळता वाचलं. सुलभाताईंनी विचारलं, "आजी, काय कळलं?"

आई म्हणाली, "आवाज गोड आहे हो तिचा."

ऋचा नापास झाली. सुलभाताईंनी कागद माझ्या हातात दिला. "मेधा, हे तू तुझ्या आईशी बोललीस. मग तूच फोन कर की. पोरीला कशाला मध्ये घालतेस?" मला राग आला.

पुढच्या शनिवारी कविता ऋचाने निवडली, तीही मरणावरची. मी तिला दुसरी घे म्हटलं. सुलभाताई शांत होत्या. "बाईने त्यावर पुष्कळ लिहिलंय. सांगू दे." ऋचा सांगू लागली. अर्धं मराठी, मधे हिंदी, दोनदा 'आय मीन'. तिसऱ्या ओळीला ती अडली. पुस्तक मिटून म्हणाली, "आजी, तुला मरायची भीती वाटते?"

मी फोन उचलायला हात पुढे केला. सुलभाताईंनी माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

"नाही गं," आई म्हणाली. "आधी वाटायची. आता एवढंच वाटतं, की तुम्ही सगळे लांब, विमानाच्या तिकिटासाठी तुमची धावपळ होईल. मला हे कुणी विचारतच नाही बघ. तुझी आई फोन करते ते गोळ्या घेतल्या का, गॅस बंद केला का, एवढं विचारून ठेवते."

ऋचा हसली. मग आजीने विचारलं, "त्या बाईला वाटायची का भीती?" आणि ऋचा तिला सांगत बसली. दोघींचं बोलणं पाऊण तास चाललं. बाकीच्या मुलांचे नंबर त्या दिवशी लागलेच नाहीत. आता ऋचा आपणहून फोन करते, तेही खोलीचं दार लावून. त्या काय बोलतात ते मला कळत नाही.

गेल्या मे महिन्यात सुलभाताईंचे यजमान निवृत्त झाले आणि दोघं नाशिकला परत गेले. निघताना बॅगा गाडीत चढवून झाल्यावर मी त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "तू अजून केला नाहीस ना आईला फोन?"

मी रोजच करत होते. तरी त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं.

त्या संध्याकाळी मी फोन लावला आणि गोळ्यांचं विचारलं नाही. मग दुसरं काय विचारावं ते सुचेना. शेवटी आईनेच विचारलं, "काय गं, बरी आहेस ना?"

"बरी आहे," मी म्हटलं. "तू सांग. तुला करमतं का तिथे एकटीला?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आई बसली.